गिधाडाच्या फोटोबाहेरचा माणूस

गिधाडाचा कुठलाही चांगला फोटो घ्या. ढोराच्या उघड्या बरगड्या, त्यावर पंख पसरून उभं राहिलेलं गिधाड, मागं माळ आणि धुरकट आभाळ. फोटो झकास असतो. मला मात्र दर वेळी एकच अडाणी प्रश्न पडतो. हे ढोर तिथं आणलं कोणी? गोठ्यात मेलेलं ढोर आपल्या पायानं माळावर जात नाही. त्याच्या पायांना दोर बांधावा लागतो, चार जणांनी ओढावं लागतं, बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालावं लागतं. त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो. तो फोटोत येत नाही. त्याला न घेता गिधाडाचं सौंदर्य बघता येतं का, आणि बघितलं तर ते बघणं खरं असतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

गिधाडाचं आणि आमचं नातं पुस्तकातून आलेलं नाही. माझी आजी सांगायची, आभाळात गिधाडं घिरट्या घालायला लागली की महारवाड्याला कळायचं, कुठं तरी ढोर पडलं. कधी पाटलाचा निरोप आधी यायचा, कधी गिधाडं आधी दिसायची. मग सुऱ्या घेऊन बाप्ये आणि पाट्या घेऊन बाया निघायच्या. कातडं सोलून होईपर्यंत गिधाडं अंगावर येत, पोरांनी त्यांना दगडं मारत उभं राहायचं. आजी म्हणायची, "आपुन आन् ती एकाच पंगतीची. फक्त त्यांना कुणी म्हार म्हनत न्हाई."

या पंगतीला एक व्यवस्था होती. गाईबैलाचं जाड कातडं गिधाडाच्या चोचीला सहज फाटत नाही. ते डोळे, तोंड, मागची बाजू अशा मऊ जागेवरून सुरुवात करतं. सोलणाऱ्यानं कातडं काढलं की गिधाडांचं काम सोपं होई आणि मोठा थवा तासाभराच्या आत सांगाडा लख्ख करी. मग हाडं गोळा करणारा येई, ती हाडं खताच्या नाहीतर सरसाच्या कारखान्याला जात. कातडं ढोराच्या कुंडात, तिथून चांभाराच्या हातात, आणि शेवटी गावाच्या पायात. गावानं जोडा घातला आणि आम्हाला वेशीबाहेर ठेवलं.

हे सगळं नाकारायला बाबासाहेबांनी सांगितलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या ढोराचं मांस खाणं सोडा असं त्यांनी बजावलं, आणि गावोगावच्या माणसांनी ते ऐकलं. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. त्या नकारावर माझी पिढी उभी आहे. म्हणून मी दुर्बीण घेऊन गिधाडं बघायला जातो हे कळलं तेव्हा आमच्या वस्तीतल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं मला चारचौघांत विचारलं, "बाबासाहेबांनी ज्या घाणीतून बाहेर काढलं, तिथंच तू हौस म्हणून परत चाललास काय रे?" त्यांचा सवाल मी हसण्यावारी नेला नाही. त्याला उत्तर द्यायचंच होतं.

आधी गिधाडाचं काय झालं ते सांगतो, कारण गिधाड बघणं आता सोपं राहिलेलं नाही. आजीच्या काळी ती शेकड्यानं उतरत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजाराला एक या हिशेबानं उरली. लांब चोचीचीही जवळजवळ संपली. माना खाली टाकून बसायची आणि झाडावरून मरून पडायची. २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून कारण बाहेर आलं. ढोरांना दुखण्यावर, सुजेवर डायक्लोफिनॅक नावाचं औषध टोचलं जात होतं. औषध अंगात असताना ढोर मेलं आणि गिधाडानं ते खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ साली बाटलीचा आकार तीन मिलीलिटरवर आणला. २०२३ साली तशाच आणखी दोन औषधांवर बंदी आली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. गेलेलं भरून यायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही.

म्हणून आता त्यांना खाणं घालतात. रायगडात फणसाडला, नाशिककडे, गडचिरोलीत अशा जागा केल्या गेल्या. वर्तमानपत्रं त्यांना गिधाडांचं उपाहारगृह म्हणतात. तिथं औषध न टोचलेलं मेलेलं ढोर आणून टाकायचं. राजस्थानात बिकानेरजवळ जोडबीडला तर शहरभरची मेलेली जनावरं येऊन पडतात आणि हिवाळ्यात तऱ्हेतऱ्हेची गिधाडं आणि गरुड उतरतात. देशभरातून कॅमेरेवाले तिथं जातात. म्हणजे आज रानातल्या गिधाडाचा म्हणून जो फोटो आपण बघतो, त्यातल्या कित्येक फोटोंच्या आधी कोणाचा तरी हात ढोराला लागलेला असतो.

मी अशाच एका ठिकाणी एका मित्राबरोबर गेलो होतो. ठिकाणाचं नाव लिहीत नाही, कारण घरट्यांच्या जागा छापू नयेत हा पक्षीवाल्यांचा नियम मला मान्य आहे. मित्र सवर्ण, स्वभावानं मोकळा, गिधाडांवर खरोखर जीव असलेला. पहाटे चारला उठून लपणात शिरायचं, चार चार तास हलायचं नाही, कड्यावर पिल्लू असेल तर जवळ जायचं नाही, हे सगळं तो कसोशीनं पाळतो. त्याच्या फोटोंवरून गिधाडांची मोजदाद करायला मदत झालेली आहे. मी त्याची टिंगल करायला बसलेलो नाही. लपणात बसल्या बसल्या तो कुजबुजला, "ढोर ताजं आहे. कालच टाकायला सांगितलं होतं."

"कोणाला?"

"आहे इथला एक माणूस."

"नाव काय त्याचं?"

तो जरा थांबला. म्हणाला, "अरे, नाव नाही माहीत. फोन करतो आम्ही, तो येतो."

समोर उतरलेल्या अकरा गिधाडांपैकी तिघांच्या पायांत कडी होती. कोणत्या कड्याचा नंबर काय, तो पक्षी कुठं वाढला, हे त्याला तोंडपाठ होतं.

१९९३ साली दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन कार्टरनं सुदानच्या दुष्काळात एक फोटो काढला. भुकेनं वाकलेलं लेकरू आणि मागं बसलेलं गिधाड. १९९४ साली त्या फोटोला पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि त्याच वर्षी त्यानं आत्महत्या केली. तो फोटो छापल्याबरोबर लोकांनी विचारलं, पुढं त्या लेकराचं काय झालं? तू काय केलंस? फोटोत माणूस होता म्हणून फोटोबाहेर काय घडलं हे विचारायचं लोकांना सुचलं. आपल्या गिधाडांच्या फोटोंत माणूस नसतोच. त्यामुळे कोणी काही विचारत नाही आणि कॅमेरेवाल्याच्या जिवाला घोर लागत नाही. माणसाला चौकटीबाहेर ठेवलं की प्रश्नही बाहेर राहतो. आपलं गाव हेच करत आलं आहे. वेस ही गावाची चौकटच होती.

दुसरी गोष्ट भाषेची. गिधाडाची स्तुती करताना सगळे म्हणतात, गिधाड हा निसर्गाचा सफाई कामगार आहे. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या वाक्यात एक जुनं विष आहे. गिधाडाचं डोकं, मान जवळजवळ बोडकी असते, म्हणून रक्तमांस पिसांना चिकटत नाही. त्याच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र की सडक्या मांसातले जंतू जळून जातात. ते ज्या कामाला जन्मलं आहे ते काम त्याच्या हाडामांसात आहे. माणसाचं तसं नसतं. भंग्याच्या पोरालाही मैल्याची तीच शिसारी येते जी ब्राह्मणाच्या पोराला येते. गटारातला वायू जात विचारत नाही, उतरलेला माणूस गुदमरून मरतो. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा झाला, तरी माणसं गटारात मरतातच. मग पक्ष्याला सफाई कामगार म्हणताना आपण नकळत उलटंही बोलत असतो की सफाई कामगार हाही एक प्रकारचा पक्षीच, त्या कामाला निसर्गानं घडवलेला. मनूचा सारा डोलारा याच लबाडीवर उभा आहे. श्रमाच्या वाटणीच्या नावाखाली माणसांचीच वाटणी झाली हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिलं. गिधाडाला गिधाड म्हणा. ते पुरेसं सुंदर आहे.

आणि या देशाला गिधाडाचा मान करता येत नाही असंही नाही. हरियाणात पिंजोरला गिधाडांच्या पैदाशीचं केंद्र आहे, त्याला जटायूचं नाव दिलं आहे. रामायणात जटायूचे अंत्यसंस्कार खुद्द राम करतो. त्याच रामायणाच्या उत्तरकांडात तप करणाऱ्या शंबूकाचं डोकं तोच राम उडवतो. मेलेलं खाणाऱ्या पक्ष्याला पितरासारखा मान आणि माणसाला तलवार. ही परंपरा आम्ही कशी वाचावी?

त्या लपणातल्या सकाळीनंतर मी ढोर टाकणाऱ्या माणसाला शोधून काढलं. पन्नाशीचा गडी. दारात बसवलं, चहा दिला. तो म्हणाला, "मालकाला मी एवढंच इचारतो, सुई टोचली व्हती का? खोटं बोलला तरी कातडं सोललं की मानंला डाग दिसतोय. तसलं ढोर मी गिधाडाला घालत न्हाई, पुरून टाकतो." मी ऐकत राहिलो. ज्या गोष्टीचा शोध लागायला वर्षं गेली, तिचा पहारा आज हा माणूस करतो आहे. हातात मोजे नाहीत, आणि फेरीमागं मिळतं ते एका दिवसाच्या रोजाला पुरत नाही.

मी विचारलं, "काका, तुमचा फोटो काढू का? गिधाडांच्या फोटोशेजारी छापू."

त्यानं हात जोडले. "नगं दादा. पोरगी कालेजात हाय. तिच्या मैतरणींनी बघितलं तर?"

माझ्या सगळ्या युक्तिवादाला त्यानं तिथं अडवलं. मी समजत होतो, त्याला फोटोत घेतलं की न्याय झाला. पण मेलेल्या ढोराशेजारी उभ्या असलेल्या आमच्या माणसावर कॅमेरा रोखला की काय होतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ऑक्टोबर २००२ मध्ये हरियाणात झज्जरजवळ दुलीना इथं पाच दलितांना गाय मारल्याच्या संशयावरून जमावानं ठार केलं. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून झोडपलं आणि मारणाऱ्यांनीच त्याचं चित्रीकरण करून पसरवलं. ढोर, सोलणारा आणि कॅमेरा हे तिघं त्या एका चौकटीत आले ते असे.

त्यानंतर त्याच महिन्यात सुरेंद्रनगरला दलितांनी मेलेली जनावरं आणून कलेक्टर कचेरीपुढं टाकली आणि सांगितलं, आता तुमची तुम्ही उचला. दोन दिवसांत दुर्गंधीनं शहाण्यांना आमच्या कामाची किंमत कळली. गिधाडाच्या कामाची किंमत कळायलाही ते जावं लागलं. २००० ते २००५ या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली, असा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडला. सडणारी ढोरं, पिसाळलेली कुत्री, नासलेलं पाणी. गिधाडाच्या गैरहजेरीचा हिशेब झाला, चांगलं झालं. ढोर ओढणाऱ्याच्या हजेरीचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही.

आता त्या जुन्या कार्यकर्त्यांना माझं उत्तर. दादा, १९२७ चा नकार गिधाडाला नव्हता. आम्हाला जन्मानं गिधाड ठरवणाऱ्यांना तो नकार होता. गिधाड मेलेल्या गाईला आई म्हणत नाही आणि कुत्र्याला अस्पृश्य मानत नाही. त्याचा द्वेष करायला लागलो तर ज्या शिसारीनं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं तीच शिसारी आम्ही शिकलो असं होईल. मी दुर्बीण लावून त्याला बघतो ते मोकळा माणूस म्हणून बघतो. आजीला ते बघताना हातात दगड धरावा लागे. मला लागत नाही, हे त्या नकाराचंच देणं आहे.

आणि कॅमेरेवाल्या मित्रांना सांगणं एवढंच. त्या माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नका, आणि तो नको म्हणाला तर का म्हणाला ते समजून घ्या. पण फोटोखाली लेन्सचा नंबर लिहिता, तिथं ढोर कोणाच्या कष्टानं आलं हेही लिहा. त्याला मोजे, उचलायचं यंत्र आणि पुरी मजुरी द्या. हे काम कुठल्याही जातीच्या माणसानं अर्ज करून पगारावर करावं असं ठेवा, आणि आलेल्या पहिल्या माणसाचं आडनाव बघू नका. माझ्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढं सगळं गिधाडाच्या फोटोत कुठं बसणार?" बसत नसेल तर फोटो अपुरा आहे असं समजून काढावा. त्या काकांची पोरगी ज्या दिवशी आपल्या मैत्रिणींना म्हणेल, हे माझे वडील, यांच्यामुळं ही गिधाडं जगली, त्या दिवशी तो पुरा होईल.