युक्तिवाद कोणी करायचा?

(१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागलं. जिल्हा न्यायालयात मराठीतून वकिली केलेली एक वकील आणि तिचे सिनिअर बोलताहेत.)

ती : सर, दुसऱ्या अपिलाच्या युक्तिवादाला इंग्रजी सफाईदार बोलणारा वकील द्यावा म्हणते.

सर : दावा तू चालवलास. नोटीस न काढताच वाटपाचा फेरफार मंजूर झाला, हे तूच तलाठ्याच्या उलटतपासात बाहेर काढलंस.

ती : मराठीत! इथे जजसाहेबांनी प्रश्न विचारला की उत्तर तयार असतं. पण वाक्य जुळवेपर्यंत समोरचा बोलून मोकळा होतो. मग मी मलाच मठ्ठ वाटू लागते.

सर : अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहारला हिंदीची मुभा मिळाली, मराठीला नाही. यात तुझा कमीपणा कुठे आला?

ती : नसेल. पण भोगणार पक्षकार. माझ्या शिकवणीची फी त्याच्या जमिनीतून का जावी?

सर : आणि तुझ्या लाजेची फी? हीच सुनावणी मराठीत असती, तर ब्रीफ सोडलं असतंस?

ती : मुळीच नाही. फेरफाराने मालकी ठरत नाही, तरी खालच्या कोर्टाने त्यावरूनच ती ठरवली, एवढाच तर कायद्याचा प्रश्न आहे.

सर : मग अडचण फक्त भाषेची.

ती : 'फक्त' कसं म्हणता, सर? ऐकणाऱ्यापर्यंत मुद्दा गेलाच नाही, तर तो मला येत असून उपयोग काय?

सर : हे मात्र खरं. मग असं धर : मुद्दा पोचत नसेल, तर ब्रीफ दे. मुद्दा पोचतोय, पण बोलताना आपण बावळट दिसू एवढीच धास्ती असेल, तर उभी राहा.

ती : आतून दोन्ही भीती सारख्याच वाटतात. उभं राहिल्याशिवाय कळणार कसं?

सर : तारीख मागण्यापासून सुरुवात कर. किरकोळ अर्ज स्वतः चालव. मुद्दे लिहून ने, वाक्यं छोटी ठेव, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार. अपिलाच्या दिवशी तो वकील शेजारी असू दे.

ती : पक्षकाराला काय सांगू?

सर : आत्ता मला सांगितलंस ते सगळं. जमीन त्याची आहे. कोणी बोलायचं ते आपण दोघांनीच परस्पर ठरवून कसं चालेल?