चवीची जाण आणि पाचवे शील



पाचव्या शीलासंबंधी आपण बोलू लागलो म्हणजे डोळ्यांपुढे दारुडा उभा राहतो. जो पिऊन गटारात पडतो, पगार गुत्त्यात टाकतो, घरी येऊन बायकोवर हात उचलतो, त्याच्याविषयी फारसा वाद नसतो. त्याचे चुकते हे सकाळी तो स्वत:च कबूल करतो. परंतु जो पडत नाही, भांडत नाही, मोजून पितो आणि जे पितो त्याविषयी चार माहितीच्या गोष्टी सांगतो, त्याचे काय? हा प्रश्न आमच्या खरवईतील एका माउलीने मला विचारला. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

खरवई हे बदलापूर पूर्वेचे जुने गाव. आज एका बाजूस औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या बाजूस उंच इमारती असे त्याचे रूप आहे. आमच्या शेजारच्या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मोठा मुलगा पदवीधर असून एका कंपनीत सुपरवायझर आहे. शनिवारी रात्री त्याचे चार-पाच मित्र गच्चीवर जमतात. प्रत्येकजण आपण सध्या कोणती व्हिस्की पितो ते सांगतो, दुसऱ्याला घोटभर देतो आणि त्याचे मत विचारतो. त्याला बढती मिळाली तेव्हा मलाही आग्रहाने बोलावले. मी लिंबू सरबत घेऊन बसलो.

त्या रात्री चर्चा बर्बनची होती. मी विज्ञानाचा शिक्षक. ऐकता ऐकता रमलो, हे लपवीत नाही. बर्बन ही अमेरिकेची व्हिस्की. तेथील कायद्याप्रमाणे तिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात ठेवावी लागते. तिचा तांबूस रंग त्या जळक्या लाकडातून येतो. तिला अमेरिकेचे खास पेय म्हणून तेथील संसदेने १९६४ साली मान्यता दिली. आपल्या सरकारने तिच्यावरील १५० टक्के आयातकर फेब्रुवारी २०२५ मध्ये १०० टक्क्यांवर आणला, त्याचीही चर्चा झाली. एकाला तिच्यात व्हॅनिलाचा वास येत होता, दुसऱ्याला जळक्या साखरेचा. तिसरा म्हणाला, ‘पाण्याचे दोन थेंब टाक, मग बघ कशी खुलते.’

मी खाली उतरलो तेव्हा मुलाची आई जिन्यात उभी होती. तिने विचारले, ‘सर, वर काय चाललंय?’ मी म्हणालो, ‘मावशी, बर्बनवर गप्पा चालल्यात.’ ती म्हणाली, ‘म्हणजे ते चॉकलेटचं बिस्कीट ना?’ मी खरे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘याचे वडील प्यायचे तेव्हा सगळी वस्ती त्यांना बेवडा म्हणायची. दारूनंच गेले ते. हा पितो तर याला सगळे साहेब म्हणतात. सर, त्या दारूत आणि या दारूत फरक काय?’

पुढे मुलाशी बोलणे झाले. त्याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण प्रतिपक्षाची दुबळी बाजू मांडून ती खोडणे हा बुद्धीचा मार्ग नव्हे. तो म्हणाला, ‘सर, आम्ही दारू पीत नाही, आस्वाद घेतो. दोन पेगांवर जात नाही. कोणाशी भांडत नाही. उलट प्रत्येक घोटाकडे लक्ष देतो, वास ओळखतो, चव ओळखतो. जे कराल ते सावधपणे करा असे विहारात सांगतात. आम्ही सावधपणेच पितो. मग शील मोडले कोठे?’

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे तीन भाग पाडून विचार करू.

पहिली गोष्ट उंच्या आणि हलक्या दारूची. माणसामाणसांत शिडी उभी करणाऱ्या या समाजाने दारूचीही शिडी केली आहे. सर्वांत खाली हातभट्टी, तिच्यावर देशी, तिच्यावर इंग्लिश आणि सर्वांत वर परदेशातून आलेली बाटली. जो ज्या पायरीवर पितो, त्याप्रमाणे त्याला नाव मिळते. खालचा बेवडा, वरचा रसिक. कायदाही या शिडीपासून मुक्त नव्हता. इंग्रजी अमलात १८९२ साली आपल्या ठाणे आणि शेजारच्या कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. आदिवासीच्या अंगणातले फूल गुन्ह्याचे झाले, साहेबाच्या कपाटातली बाटली मात्र प्रतिष्ठेची राहिली. पुढे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला, तेव्हाही ज्याला डॉक्टरचा दाखला मिळवता येई तो प्रकृतीच्या कारणास्तव परवाना काढून घरात पिऊ शके. गरीब हातभट्टीच्या अड्ड्यावर जाई आणि पकडला जाई. विषारी दारूनेही मरतो तो गरीबच. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली, ती खालच्या पायरीवरची होती.

परंतु शरीर ही शिडी ओळखीत नाही. बर्बनमध्ये निदान ४० टक्के अल्कोहोल असते. ६० मिलिलिटरच्या पेगात २४ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. ते मक्याचे की उसाच्या मळीचे, हे यकृत विचारीत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच मद्य हे माणसात कर्करोग निर्माण करणारे म्हणून नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. हातभट्टीत विष मिसळण्याचा धोका अधिक, हे खरे. पण मावशीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते: जे नशा आणते ते द्रव्य दोन्ही दारूंत एकच आहे.

येथे मला स्वत:विषयी एक कबुली दिली पाहिजे. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेला मी पहिला. त्या गच्चीवर मला मोह झाला तो पेल्याचा नव्हे, तर ‘आपल्यालाही यातले कळते’ असे म्हणता येण्याचा. ओक, माल्ट, पिंप हे शब्द आपल्या तोंडी आले म्हणजे आपण वरच्या लोकांत बसलो, असे क्षणभर वाटले. शिकलेल्या नवबौद्ध तरुणाने ही गोष्ट तपासून पाहावी. बाटली हे जर वर चढल्याचे प्रमाणपत्र ठरत असेल, तर ज्या शिडीने आपल्या बापाला खाली ठेवले तीच शिडी आपण मान्य केली, फक्त आपली पायरी बदलली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला होते, पुढे लंडनला राहिले, परंतु मद्यापासून दूर राहिले. थोरामोठ्यांत बसण्यासाठी त्यांना पेल्याची गरज पडली नाही.

दुसरी गोष्ट जाणकारीची. दारूचे प्रकार ओळखणे ही काही आजची विद्या नाही. विनयपिटकात मद्याची व्याख्या करताना पिठाची सुरा, अपुपांची सुरा, भाताची सुरा, किण्व घातलेली सुरा, नाना द्रव्ये मिसळलेली सुरा असे भेद सांगितले आहेत. मेरयाचेही फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे असे भेद आहेत. म्हणजे बुद्धकालीन लोक कशापासून काय काढतात हे नीट जाणत होते. पण एवढे भेद सांगून विनय कोठे पोचतो? तर कुशाच्या टोकावर राहील एवढेही भिक्खूने घेऊ नये, येथे. प्रकार अनेक, निर्णय एक.

हा नियम ज्या प्रसंगी झाला तो प्रसंग प्रत्येक कुटुंबाने मुलांना सांगावा. सागत नावाच्या थोर भिक्खूने एका भयंकर नागाला नमविले. कोसंबीच्या उपासकांना आदर वाटला. भिक्खूंना दुर्लभ आणि प्रिय असे काय द्यावे, असे त्यांनी विचारले. काही उनाड भिक्खूंनी एका स्वच्छ, उंच्या मद्याचे नाव सांगितले. मग घरोघर ते तयार झाले आणि सागत भिक्षेला आला तेव्हा प्रत्येक घराने त्याला मानाने पाजले. नगराबाहेर पडता पडता तो वेशीतच कोसळला. भिक्खूंनी त्याला उचलून आणून भगवंतांच्या दिशेला डोके करून निजविले, पण तो उलटा फिरला आणि पाय भगवंतांकडे करून पडला. भगवंतांनी विचारले की ज्याने नागाशी झुंज दिली, तो आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? भिक्खू म्हणाले, नाही. बंधुभगिनींनो, या कथेत कोणी वाईट हेतूने पाजलेले नाही. मद्य उंची होते, देणारे प्रेमळ होते, घेणारा थोर होता. तरीही परिणाम चुकला नाही. या गोष्टीतला नाग हा घडलेला चमत्कार मानावा, असा आग्रह नाही. तिच्यातला माणूस मात्र आपण रोज पाहतो.

तिसरी आणि मुख्य गोष्ट सावधपणाची. पंचशीलातली पहिली चार शीले केवळ कृत्याचे नाव सांगतात: हिंसा, चोरी, कामातला मिथ्याचार, असत्य. पाचवे शील मात्र कारणही सांगते. सुरा, मेरय, मज्ज ही ‘पमादट्ठान’ आहेत, म्हणजे प्रमादाची, बेसावधपणाची जागा आहेत. यावरून दिसते की शीलाचे बोट चवीकडे नाही, किंमतीकडे नाही, प्रमादाकडे आहे. मग चव ओळखण्यात गुंतलेले लक्ष म्हणजे अप्रमाद काय?

माझे उत्तर असे. त्या लक्षाचे तोंड पेल्याकडे असते. वास कसा, रंग कसा, घशात किती वेळ रेंगाळते, हे ते पाहते. हे मी का घेतो आहे, दुसरा पेला हातात घेताना माझ्या मनात काय चालले आहे, मी नसताना घरी कोण जागे आहे, हे ते पाहत नाही. अप्रमादाला मनाकडे आणि परिणामाकडे पाहावे लागते. शिवाय एक अडचण अशी आहे की जिच्यावर मात करता येत नाही. ‘मी मर्यादेत आहे’ हे ठरविणारी बुद्धीच मद्याने प्रथम सैल होते. वाण्याच्या तराजूत जो माल घालाल तोच काटा वाकवू लागला, तर त्या तराजूच्या वजनावर विश्वास ठेवाल काय? पहिल्या पेल्यापूर्वी दोनची मर्यादा घालणारा माणूस आणि दुसऱ्या पेल्यानंतर ती पाळणारा माणूस, हे दोघे पुरतेपणी एक नसतात. कित्येकजण आयुष्यभर दोनवर थांबतात, हे मी नाकारीत नाही. परंतु कोण थांबेल हे आधी कोणाला सांगता येत नाही. मावशीच्या नवऱ्यालाही सांगता आले नव्हते.

राहिली मैत्री. त्या मित्रांचे एकमेकांवर खरे प्रेम आहे, हे मी पाहिले. गाडीत रोज तीन-तीन तास उभे राहून आलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा कोणी ‘तुझे मत काय?’ असे विचारते, हे लहान सुख नव्हे. गृहस्थांसाठी सांगितलेल्या सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा तोटे आहेत: धनहानी, कलह, रोग, दुष्कीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेची दुर्बळता. तेथेच ‘पानसखा’ असा शब्द आला आहे, म्हणजे केवळ पिण्यापुरता मित्र. खरा मित्र तो, जो गरजेच्या वेळी मित्र असतो. कसोटी अशी लावावी: ज्या बैठकीत बाटलीविषयी सर्व मते मांडता येतात, तेथे ‘तू हल्ली जास्त घेतोस’ हे मत मांडता येते काय? मी त्या तरुणाला हाच प्रश्न केला. तो प्रामाणिक आहे. म्हणाला, ‘नाही सर, तसं बोललं तर मजा जाते.’

आता मावशीच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर. दारूत फरक नाही, परिस्थितीत आहे. बाप दिवसभर ओझी वाहून, अपमान गिळून पीत होता. त्याला कोणी पर्याय दाखविला नव्हता, धम्मही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. मुलाजवळ शिक्षण आहे, नोकरी आहे, आणि त्याने भर सभेत दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्वत:च्या तोंडाने घेतली आहे. बावीस प्रतिज्ञांतील ती सतरावी. म्हणून बापापेक्षा मुलाचे उत्तरदायित्व अधिक ठरते. जाणकारीने ते कमी होत नाही, वाढते. हे मी मावशीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे याचे वडील एवढे वाईट नव्हते.’ इतक्या वर्षांनी तिला हे कोणाच्या तोंडून ऐकायचे होते, असे मला वाटले.

त्या तरुणाने सर्व सोडले, असे लिहून मी वाचकांना खूश करणार नाही. गच्चीवरची बैठक अजून होते. मात्र गेल्या महिन्यात एका शनिवारी तो खाली आमच्याकडे येऊन बसला, चहा घेतला आणि बापाविषयी प्रथमच बोलला. त्या दिवशी त्याची बाटली वरच राहिली. शील हे पोलिसाने लादलेले कलम नव्हे. ते रोज स्वत: घ्यावे लागते, म्हणूनच आपण ते रोज म्हणतो.

आपल्या घरांपुरते दोन गोष्टींचे भान ठेवू. पिऊन पडलेल्या माणसाचा तिरस्कार करू नये, त्याला हात देऊन उठवावे. आणि उंची बाटली घेऊन येणाऱ्या पाहुण्याला, मग तो केवढाही मोठा साहेब असो, नम्रपणे सांगावे की आमच्या घरी हे चालत नाही, बसा, चहा टाकते. ही दोन्ही वाक्ये एकाच घरातून निघाली, म्हणजे दारूची शिडी त्या घरापुरती तरी मोडली असे समजावे.