मुखवट्याखाली

एडगर ॲलन पोची ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ वाचलेला माणूस आधी रंगांबद्दल बोलतो. सात दालने: निळे, जांभळे, हिरवे, नारिंगी, पांढरे, मग जांभळ्याचीच आणखी एक छटा आणि शेवटी काळे. उगवतीकडून मावळतीकडे जाणारी ही रांग दिसली की गाईडवाल्यांना आयता घास मिळतो. निळे म्हणजे जन्म, हिरवे म्हणजे तारुण्य, काळे म्हणजे मरण. कॉलेजात मीही हे सात रकाने पाठ केले होते आणि त्याला मार्कही पडले होते. आता वाटते, इतके चोख जुळणारे उत्तर हाती आले की कथेतली भीती तिथेच संपते.

खुद्द पोला अशा रूपककथांचे फारसे कौतुक नव्हते. मे १८४२च्या ‘ग्रॅहम्स मॅगझिन’मध्ये ही कथा छापून आली. त्याच अंकात त्याने हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना म्हटले होते की लघुकथेतला शब्दन् शब्द एकाच परिणामासाठी खर्ची पडला पाहिजे. तेव्हा रंगांचा अर्थ लावत बसण्याआधी त्या दालनांत उजेड कसा येतो ते पाहावे. आत एकही दिवा नाही, मेणबत्ती नाही. बाजूने बोळ जातो. प्रत्येक खिडकीसमोर तिवईवर निखाऱ्यांचे पात्र आहे आणि त्याचा उजेड रंगीत काचेतून आत पडतो. सहा दालनांत काचेचा रंग भिंतींशी जुळतो. सातव्यात मात्र काळ्या मखमलीवर रक्तासारख्या लाल काचेतून उजेड सांडतो, आणि त्यात माणसाचा चेहरा असा काही दिसतो की आत पाऊल टाकायला कुणी धजत नाही. इथे अर्थ सांगावा लागत नाही.

साथ आणि मौज यांची गाठ पोने पहिल्यांदा घातली असे मात्र नव्हे. १३४८च्या प्लेगमध्ये फ्लॉरेन्सबाहेर पळालेली बोकाचिओच्या पुस्तकातली दहा तरुण मंडळी बागेत बसून एकमेकांना गोष्टी सांगतात. त्या बागेत मृत्यू शिरत नाही. पुढच्या शतकात तो समोर येऊन उभा राहिला. पॅरिसच्या एका दफनभूमीच्या भिंतीवर १४२४–२५मध्ये रंगवलेल्या मृत्युनृत्यात सांगाडे पोपपासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांचा हात धरून नाचतात. चित्रकार होल्बाइनच्या १५३८मध्ये छापलेल्या चित्रांत तो माणसाच्या कामात येऊन मिसळतो. नांगरणाऱ्या म्हाताऱ्याच्या चित्रात तो चक्क घोडे हाकतो आहे. जणू वाटेकरीच. या सगळ्या चित्रांत मृत्यूला अंग आहे, निदान हाडे तरी आहेत. त्याने मुखवटा घातलेला नाही. त्याची गरजच नाही.

मुखवटा आला तो १८३२च्या पॅरिसमध्ये. कॉलरा शहरात शिरला तेव्हा सोंगांच्या नाचांची धामधूम होती. अमेरिकन वार्ताहर विलिस याने एका नाचात खुद्द कॉलऱ्याचे सोंग घेऊन आलेला उंचच उंच माणूस पाहिला. जर्मन कवी हाइनेने लिहिले ते त्याहून भयंकर. नाचणाऱ्या एका विदूषकाचे पाय अचानक गार पडले, त्याने मुखवटा काढला आणि खालचा चेहरा निळाजांभळा निघाला. घाई एवढी, की काही जणांना सोंगाच्या कपड्यांतच पुरले. हे सगळे पोच्या वाचनात आले होते का, हा वाद अभ्यासकांनी घालावा. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच: विलिसच्या सोंगाखाली धडधाकट माणूस आहे, हाइनेच्या मुखवट्याखाली मरणारा माणूस आहे.

पोच्या कथेत प्रॉस्पेरो राजपुत्र हजार मित्रांना घेऊन मठासारख्या गढीत शिरतो आणि दारांचे अडसर आतून वितळवून पक्के करून टाकतो. पाच-सहा महिन्यांनी सोंगांचा नाच ठेवतो. (प्रॉस्पेरो हे नाव शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधले. त्याच नाटकात कॅलिबन लाल प्लेगचा शाप देतो.) मध्यरात्री गर्दीत एक उंच आकृती दिसते, अंगावर कफन, चेहऱ्यावर प्रेताचा मुखवटा, कपाळावर रक्ताचे शिंतोडे. राजपुत्र खंजीर उपसून तिच्यामागे निळ्यापासून काळ्या दालनापर्यंत धावतो आणि कोसळतो. लोक त्या आकृतीवर झडप घालतात. कफन आणि मुखवटा त्यांच्या हातात येतो, आत काहीच नसते. भिंतीवरचा सांगाडा, नांगरामागचा सोबती, कॉलऱ्याचे सोंग, आणि इथे नुसती पोकळी. चार शतके मृत्यूला देह देत आलेल्या कल्पनेचा देह पोने काढून घेतला.

त्या जानेवारीत, कथा छापून येण्याआधी चारच महिने, पोची बायको व्हर्जिनिया गाता गाता थांबली होती आणि तिच्या तोंडातून रक्त आले होते. क्षय. पोची आईही तो तीन वर्षांचा होण्याआधीच गेली होती. यावरून कथेचा अर्थ लावू नये, असे मी स्वतःला बजावतो, आणि कपाळावरच्या रक्तापाशी दर वेळी अडखळतो.

काळ्या दालनात मावळतीच्या भिंतीला एक मोठे शिसवी घड्याळ आहे. दर तासाला त्याचे टोले पडले की वाद्ये थांबतात, जोड्या जागच्या जागी थबकतात, पोक्त मंडळी कपाळावरून हात फिरवतात. टोले थांबले की सगळे हसतात, पुढच्या वेळी नाही घाबरायचे असे एकमेकांना बजावतात, आणि तासाभराने पुन्हा तेच. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पाण्यावर ठेवलेले घटिकापात्र भरून बुडायचे, तेव्हापासून आपण मरणाऱ्या माणसाची घटका भरली असे म्हणतो. आणि काळ म्हणजे वेळही, मृत्यूही, शिवाय काळ्याच्या उच्चाराला खेटून असलेला. पोला जे उभे करायला मखमल, शिसव आणि लाल काच लागली, ते आपल्या एका शब्दात आधीच बसले आहे. मात्र रोज वापरून तो शब्द इतका गुळगुळीत झाला आहे, की कथा वाचल्यावरच तो पुन्हा टोचतो.

शेवटच्या माणसाबरोबर घड्याळ थांबते, तिवईवरचे निखारे विझतात. हजारांतला एकही उरत नाही. पण कथेच्या सुरुवातीला दालनांचे वर्णन करताना कुणीतरी ‘मी सांगतो’ असे म्हणालेले आहे. दारे बाहेरून उघडली नव्हती. मग आत कोण होते?