सोडून दिलेला मासा

समुद्रकाठच्या आपल्या कुटुंबांना मासा म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागत नाही. बंदरावर उतरणाऱ्या टोपल्या, दारावर येणारी कोळीण, पावसाळ्याच्या बेगमीसाठी वाळत घातलेले बोंबील, शुक्रवारचे कालवण, या साऱ्यांतून मासा आपल्या घरात आला तो अन्न म्हणून. काही घरांत तो रोजगार म्हणूनही आला. कष्टाने धरलेला मासा मुद्दाम पुन्हा पाण्यात सोडणारा मनुष्य आपल्या बंदरावर कुणी पाहिला असता, तर याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा असेच लोक म्हणाले असते. असा मनुष्य आम्ही पाहिला. तो आमचाच भाचा निघाला. त्याच्यामुळे आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भाचा इंग्लंडमध्ये विंचेस्टर नगराजवळ राहतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सपत्नीक त्याच्याकडे उन्हाळ्यात राहावयास गेलो होतो. मे महिन्याच्या अखेरच्या एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो आम्हांला इचेन नदीवर घेऊन गेला. तेथील टेकड्या खडूच्या आहेत. पावसाचे पाणी त्या खडूत मुरते, गाळले जाते आणि झऱ्यांवाटे वर येते. म्हणून नदी बारमाही थंड व आरशासारखी स्वच्छ असते. अशा नद्या जगात थोड्याच आहेत आणि त्यांतील बहुसंख्य इंग्लंडमध्येच आहेत. पाण्यातला ट्राउट मासा काठावरून स्पष्ट दिसतो. अर्थात काठावरचा मनुष्य त्यालाही दिसतो.

भाच्याच्या गळाला गांडूळ नव्हते की कोळंबी नव्हती. पिसांचे तंतू, सशाची लव आणि रेशमी दोरा आकड्यावर गुंडाळून केलेली एक नकली माशी तेवढी होती. यालाच तिकडे ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसल्याने ते दोरीला दिलेले असते. लवचीक काठीने ती दोरीच हवेत मागेपुढे झुलवून दूर फेकावयाची असते. टोकाची माशी मात्र पाण्यावर अशी अलगद टेकली पाहिजे की, माशाला ती नुकताच जन्मलेला कीटकच वाटावी. हा मेफ्लाय नावाचा कीटक दोनएक वर्षे नदीच्या तळाशी बाल्यावस्थेत काढतो. मग तो पंख घेऊन वर येतो, काहीही न खाता एकदोन दिवस जगतो आणि अंडी घालून मरतो. त्याच्या त्या अल्प आयुष्यावर ट्राउट पोसतात आणि माणसे आपला छंद पुरवतात.

तासाभराने एक ट्राउट गळाला लागला. भाच्याने हात ओले केले, मासा जाळीतच पाण्याखाली ठेवला, उलटा काटा नसलेला तो आकडा हळुवार काढला आणि माशाचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून ठेवले. शेपटी हलली आणि मासा निघून गेला. भाच्याचा चेहरा समाधानाने उजळला होता. आमच्या सौ. इतका वेळ गप्प होत्या. त्यांचे माहेर कोळीवाड्यातले. त्या एवढेच म्हणाल्या, “खायचा नव्हता, तर बोलावलास कशाला रे त्याला?”

भाचा हसला. “मामी, तो जिवंत आहे ना?” असे म्हणून त्याने वेळ मारून नेली; परंतु प्रश्न काठावर तसाच राहिला.

भाच्याची बाजू दुबळी नाही. ली वुल्फ या अमेरिकन मच्छीमाराने १९३९ सालीच असे मांडले होते की, चांगला लढाऊ मासा एकदाच धरून संपवून टाकावा इतका स्वस्त नव्हे. तो सोडला तर दुसऱ्याला आनंद देईल. पुढे नद्या ओस पडू लागल्या तेव्हा या विचाराला धार आली. १९९९ पासून इंग्लंडमध्ये १६ जूनपूर्वी गळाला लागलेला सामन मासा सोडून देणे कायद्याने बंधनकारक झाले. डिसेंबर २०२३ मध्ये तर ब्रिटनमधील सामनची गणना संकटग्रस्त जातींत झाली. अशा वेळी मासा परत सोडणे हे कर्तव्यच ठरते. शिवाय नदी नासू नये म्हणून तिच्या काठी पहारा देणाऱ्यांत हे गळवालेच पुढे असतात, हे आम्ही स्वतः पाहिले.

या छंदाला नीतीचे वावडे कधीच नव्हते. इंग्रजीतील या विषयावरचा पहिला छापील निबंध १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड या मुद्रकाने प्रसिद्ध केला. परंपरेने तो डेम ज्युलियाना बर्नर्स या मठप्रमुख भगिनीच्या नावे सांगितला जातो. विद्वान मात्र त्याविषयी साशंक आहेत. लेखणी कुणाचीही असो, तीत आपल्याला ओळखीचा सूर लागतो. त्या निबंधात बारा नकली माश्यांचे वर्णन आहे. त्याबरोबरच गरिबाच्या पाण्यात त्याच्या परवानगीवाचून गळ टाकू नये, कुंपणे मोडू नयेत, फाटके उघडी टाकू नयेत, आणि एका वेळी फार मासे धरण्याचा लोभ धरू नये, असा उपदेशही आहे. हा छंद केवळ पैसा वाचवण्यासाठी करू नये, शरीराच्या व आत्म्याच्या स्वास्थ्यासाठी करावा, असे त्यात म्हटले आहे.

पुढील काळात नीतीचे हे क्षेत्र अरुंद झाले. १८८६ पासून फ्रेडरिक हाल्फर्ड यांच्या ग्रंथांनी असा दंडक घालून दिला की, वर येऊन खाणारा मासा दिसला तरच त्याच्यापुढे तरंगती माशी टाकावी. जी. ई. एम. स्क्यूज हे वकील विंचेस्टरच्या वरच्या अंगाला याच इचेनवर कित्येक वर्षे मासे धरीत. ट्राउट आपले बहुतेक अन्न पाण्याखालीच खातो, मग बुडती माशी का वापरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर वाद झाला, तेव्हा स्क्यूज ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. कोणती पद्धत सभ्य आणि कोणती असभ्य, याचा खल इतक्या गांभीर्याने झाला. परंतु आमच्या सौ.नी विचारलेला प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

तो प्रश्न अखेर विज्ञानाने उभा केला. एडिंबराजवळच्या रॉझ्लिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउटच्या तोंडाभोवती इजेची जाणीव करून देणारे मज्जातंतू आढळल्याचे प्रसिद्ध केले. ओठांत मधमाशीचे विष अथवा आम्ल टोचलेले मासे एका जागी डुलत राहिले, बराच वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही, आणि आम्ल टोचलेले काही मासे तळाच्या खड्यांवर ओठ घाशीत होते. याला सर्वांची संमती नाही. माणसासारखा मेंदूचा बाह्यस्तर ज्याला नाही त्याला दुःखाची जाणीव असणार नाही, असे मानणारे शास्त्रज्ञही आहेत. पण जेथे शंका आहे तेथे शंकेचा फायदा कुणाला द्यावयाचा? काठी हातात असलेल्याने तो स्वतःलाच द्यावा, हे काही न्यायाचे नव्हे.

त्या रात्री जेवणानंतर भाचा आपण होऊन बोलू लागला. आदल्या वर्षी तो कर्कवृत्त ज्यांच्यामधून जाते त्या बहामा बेटांवर याच छंदासाठी गेला होता. तेथे समुद्र मैलोगणती गुडघाभर खोल असतो. पांढऱ्या वाळूवर बोनफिश नावाचा रुपेरी मासा छायेसारखा फिरतो आणि गळाला लागला की दोरी ओढीत बाणासारखा सुटतो. त्या बेटांना या छंदापासून वर्षाला सुमारे १४ कोटी डॉलरची मिळकत होते, असा अंदाज २०१० साली काढण्यात आला होता. वाटाड्यांची कुटुंबे त्यावर चालतात. भाच्याने एका दिवसात अकरा मासे धरले. अकरावा सर्वांत मोठा होता. तो त्याने छायाचित्रासाठी उचलून धरला. एकदा नीट आले नाही म्हणून पुन्हा धरला. मग पाण्यात सोडला तेव्हा तो कुशीवर कलंडला आणि सावरण्याच्या आतच शार्कने त्याचे दोन तुकडे केले. “मामा, छायाचित्र उत्तम आले आहे,” भाचा म्हणाला, “पण ते मी कुणालाच दाखवलेले नाही.”

त्याची कहाणी अपवादात्मक नाही. बहामातील एल्युथेरा बेटाजवळ सोडलेल्या बोनफिशचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सोडताना ज्यांचा तोल गेला होता ते मासे इतरांपेक्षा सहा पटींहून अधिक प्रमाणात शिकारी माशांच्या तोंडी पडले. त्याआधी १९९२ साली कॅनडातील प्रयोगात थकेपर्यंत पळवलेल्या ट्राउटांपैकी पाण्यातच राहिलेले ८८ टक्के मासे बारा तासांनंतर जिवंत होते. अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के, आणि पूर्ण मिनिट धरलेल्यांपैकी केवळ २८ टक्के. प्रयोगशाळेतील कसोटी कठोर होती, हे खरे. थंड नदीत काळजीपूर्वक सोडलेले ट्राउट बहुतेक जगतात. तरीही ‘सोडला’ आणि ‘वाचला’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे येथे स्पष्ट होते.

स्वित्झर्लंडने २००८ मध्ये केलेल्या नियमांनी, सोडून देण्याच्याच हेतूने गळ टाकण्यास बंदी घातली. त्यांच्या मते खाण्यासाठी मारणे हे सकारण आहे, खेळासाठी छळणे अकारण. म्हणजे एका देशात जो सद्गुण, तो दुसऱ्या देशात अपराध! चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेला धर्मशिक्षणाचा ग्रंथ प्राण्यांचा उपयोग अन्नवस्त्रासाठी करण्याची मुभा देतो. पण त्यांना विनाकारण यातना देणे अथवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही सांगतो. ‘विनाकारण’ या एका शब्दावर सारा निवाडा अडतो. पुनरुत्थित प्रभूने तिबेरियाच्या काठी निखाऱ्यावर मासा भाजून शिष्यांना खाऊ घातला. तेथे कारण विचारावे लागत नाही, कारण रात्रभर राबलेले लोक उपाशी होते.

निवाडा करण्याचा आम्हांला कितपत अधिकार आहे? लहानपणी खाडीच्या बांधावर बसून आम्हीही गळ टाकीत असू. हाती लागलेली बोटभर मासोळी निकामी म्हणून बांधावरच फेकून देत असू आणि ती तडफडताना पाहत असू. आपल्या जाळ्यांत गुदमरणाऱ्या माशांचा हिशेब केला, तर भाच्याचे अकरा मासे कोणत्या गणतीत? म्हणून परक्या छंदाकडे बोट दाखवण्यासाठी हे लिहीत नाही. गरज हे कारण आहे, परंतु गरजेपलीकडची हाव आपल्या बंदरातही आहे.

आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे की, सोडून देणे म्हणजे पापक्षालन नव्हे. मासा पाण्यात गेला की हिशेब पुसला, अशी समजूत झाली की मग अकरा काय आणि तीस काय, सारखेच. एक मासा मारून खाणारा मनुष्य तेथेच थांबतो, कारण त्याची टोपली त्याला थांबवते. सोडणाऱ्याला थांबवणारे काहीच उरत नाही, कारण त्याच्या हातून काहीच घडले नाही असे त्याला वाटते. घडलेले असते. एका जिवाला आपण फसवून बोलावले, त्याला मरणाचे भय दाखवले, त्याचे बळ हिरावून घेतले. नदीशी जडणाऱ्या नात्यासाठी, मनाच्या विसाव्यासाठी ही किंमत कधीमधी द्यावी की नाही, यावर शहाण्या माणसांचे मतभेद राहतील. पण किंमत आहे आणि ती मासा देतो, हे ज्याने मान्य केले, त्याच्या तोंडी ‘पुरे’ हा शब्द लवकर येईल. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या निबंधाने लोभाविरुद्ध सांगितले ते हेच.

आम्ही परतण्यापूर्वीच्या रविवारी पुन्हा इचेनवर गेलो. भाच्याने दोन मासे धरले, दोन्ही वेळा त्यांना पाण्याबाहेर न काढता सोडले, आणि काठी गवतात ठेवून दिली. संध्याकाळ व्हावयास अवकाश होता. समोर पुलाच्या सावलीत एक मोठा ट्राउट पुन्हा पुन्हा वर येऊन माश्या टिपीत होता. सौ.नी फराळाचा डबा उघडला आणि आम्ही तिघे त्याचे ते जेवण पाहत आमचे जेवण जेवलो.