राक्षसाचा कायमचा पत्ता

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर वामकुक्षी घेणं हा आम्हा बँकवाल्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे. (इतर दिवशी तो आम्ही काउंटरमागे बजावतो, असा खातेदारांचा समज आहे. तो खोटा आहे. निदान महिनाअखेरीस तरी.) पण त्या रविवारी चिरंजीवांनी मला टीव्हीसमोर धरून बसवलं. म्हणाले, "बाबा, एकाच सिनेमात सगळे राक्षस आहेत! बघाच!" 'अमर्यादित थाळी' अशी पाटी दिसली की माझा चेहरा जसा होतो, तसा त्याचा झाला होता.

सिनेमाचं नाव 'व्हॅन हेलसिंग'. साल २००४, दिग्दर्शक स्टीफन सॉमर्स, नायक ह्यू जॅकमन. आता मूळचा व्हॅन हेलसिंग हा ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला एक वयस्क डच प्राध्यापक. नाव अब्राहम. सिनेमावाल्यांनी त्याचं वय निम्म्यावर आणलं, केस वाढवले, नाव बदलून गॅब्रिएल केलं आणि हातात पुस्तकाऐवजी सटासट बाण सोडणारं यंत्र दिलं. आमच्याकडे नावातली वेलांटी बदलायची तरी दोन फोटो आणि तीन कागद लागतात.

मी कॉमर्सचा पदवीधर. सवयीनं राक्षसांची यादी करायला घेतली. ड्रॅक्युला, नग एक. त्याच्या बायका, नग तीन, तिन्ही उडणाऱ्या. पौर्णिमेला लांडगा होणारी माणसं, नग तीन, पैकी एक खुद्द नायक. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, नग एक. मिस्टर हाइड, नग एक. हा बिचारा पॅरिसमध्ये हजेरी लावून सुरुवातीलाच खर्ची पडतो. ड्रॅक्युलाची पिल्लं मात्र इतकी, की मी ती 'किरकोळ' या सदरात टाकली. मेरी शेलीनं १८१८ साली एका राक्षसावर अख्खी कादंबरी लिहिली. स्टीव्हन्सननं १८८६ साली एका डॉक्टराच्या पोटातला एकच हाइड बाहेर काढून जगाला घाबरवलं. इथे सव्वादोन तासांच्या आत सगळे! म्हणजे मिसळीवर श्रीखंड, श्रीखंडावर पिठलं आणि वरून शेव. घाबरायला फुरसतच मिळत नाही. एकाला घाबरावं म्हणून तयारी करावी, तर दुसरा छपरातून आत येतो.

शिवाय या सिनेमात कुणी जिना वापरत नाही. जो तो दोरीला लोंबकळून इकडून तिकडे जातो. सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत आली, मिनिटभर बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या मारामारीत त्या बाईचे केस विस्कटत कसे नाहीत?" सबंध सिनेमावरचं इतकं मार्मिक परीक्षण मी दुसरं ऐकलेलं नाही.

झोपच लागायची, पण दोन गोष्टींनी डोळे उघडे ठेवले. पहिली अशी, की तो मिस्टर हाइड उंचावरून खाली पडून मरतो, आणि मरता मरता त्याचा पुन्हा साधा डॉक्टर जेकिल होतो. खाली जमलेल्या लोकांना राक्षस दिसतच नाही. दिसतो तो एक मेलेला म्हातारा आणि वर उभा असलेला आपला नायक. लोक त्याला खुनी ठरवतात. चिरंजीव खो खो हसले. मला काही हसू येईना. आपण सुळे बघून मारावं आणि खाली पडल्यावर माणूस निघावा, यासारखी अडचण नाही.

दुसरी गोष्ट फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची. याला संपवा, असा रोमहून हुकूम असतो. नायक म्हणतो, हा दिसायला भयंकर आहे खरा, पण दुष्ट नाही. आणि त्याला वाचवतो. इथवर ठीक. पण शेवटी हा वाचलेला राक्षस एका तराफ्यावर बसतो आणि एकटाच समुद्रात निघून जातो. कुठे? विचारायला कुणालाही सवड नाही. राक्षस मारायला सिनेमावाल्यांकडे शेकडो बाण होते, पण वाचलेल्याला द्यायला एक खोली नव्हती.

आणि इथे मला चाकणचा बिबट्या आठवला.

२१ मार्च २०२२, सोमवार. चाकणला मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात पहाटे बिबट्या शिरला. आमच्या भागात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. "गाडी बुक करायला आला असेल," असा विनोद मला एकट्याला सकाळपासून चारदा ऐकवण्यात आला. कामगारांना बाहेर काढलं, वन खातं आलं, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे प्राणिवैद्य आले, आणि सुमारे सहा तासांनी भुलीची सुई मारून त्याला पकडलं. व्हॅन हेलसिंगला हे जमलं नसतं. त्यानं आधी काचा फोडल्या असत्या, मग छताला दोरी बांधली असती.

पण खरी कथा पकडल्यावर सुरू होते. सिनेमा संपतो तिथून वन खात्याचं काम चालू होतं. बिबट्याला सोडायचं कुठे? जंगलात, असं आपण शहाण्यासारखं म्हणतो. पण जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातल्या कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात झालेला. ऊसतोडीत पिल्लं सापडली की ती संध्याकाळी त्याच जागी टोपलीत ठेवतात आणि त्यांची आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. ऊस हेच तिचं माहेर आणि तेच सासर. तिकडून ऊस आला, इकडून पिंपरी, भोसरी, चाकण असे कारखाने सरकत गेले. आता 'कायमचा पत्ता' या रकान्यात बिबट्यानं लिहायचं काय?

हे मी आमच्या शाखेतल्या शिपायाला रंगवून सांगितलं. तो शिरूरकडचा. शांतपणे म्हणाला, "साहेब, चिंचवडात चौथ्या मजल्यावर बसून हे छान वाटतं." मी गप्प झालो. २०२५ साली पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत थोड्याच दिवसांत तीन माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर बिबट्याला गोळी घालावी लागली. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घराच्या ओट्यावर बसून मला हा लेख वाचून दाखवता येणार नाही, हे मला कळतं. काही वेळा मारावंच लागतं. पण मारल्यानं प्रश्न सुटला, असं तो शिपाईही म्हणाला नाही. म्हणाला, "एक गेला. ऊस तिथंच हाये."

त्याच रस्त्यानं चाकणवरून पुढे नारायणगाव ओलांडलं की ओझर येतं. अष्टविनायकांतला विघ्नेश्वर. मी तिथे अनेकदा गेलो आहे, प्रसादही खाल्ला आहे, पण कथेकडे कधी नीट लक्ष दिलं नव्हतं. विघ्नासुर नावाचा राक्षस होता. यज्ञ मोडायचा, लोकांना छळायचा. गणपतीनं त्याला हरवलं. तो शरण आला आणि म्हणाला, इथे तुझ्या नावाआधी माझं नाव घेतलं जावं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, 'हरलेल्यानं अटी घालायच्या नसतात.' गणपतीनं मान्य केलं. वागणुकीची अट घातली आणि नाव लावून घेतलं. आज लाखो माणसं हात जोडून आधी त्या राक्षसाचं नाव घेतात, मग देवाचं. तराफ्यावर बसवून त्याला कुकडी नदीत सोडून दिलेलं नाही.

हे सगळं मला भलत्याच वेळी सुचलं, हे कबूल करतो. आमच्या शाखेत एक कर्जदार आहे. दोन लेथ यंत्रांचा छोटा कारखाना, हप्ते थकलेले, आवाज मात्र दणदणीत. शाखेत त्याला सगळे 'राक्षस' म्हणतात. हे बारसं मीच केलं होतं. नोटीस घेऊन मी त्याच्याकडे गेलो. दार एका पाच-सहा वर्षांच्या मुलीनं उघडलं, माझ्या हातातली फाइल पाहिली आणि किंचाळत आत पळाली. "आई, बँकवाला आला!" ड्रॅक्युलाला बघून त्या सिनेमात कुणी इतकं मनापासून किंचाळलेलं नाही. मी नकळत जिभेनं दात चाचपून पाहिले.

राक्षसानं चहा दिला. बिलं दाखवली. माल गेलेला, पैसे अडकलेले. यंत्रं जप्त केली असती तर आमचं खातं बंद झालं असतं, पण हा गेला असता कुठे? मी परत येऊन मुदत वाढवून देण्याची टिपणी लिहिली. मॅनेजरसाहेबांनी ती दोनदा वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "रविवारी कुठला सिनेमा पाहिलात?"

मुदत मिळाली. माणूस सुधारला वगैरे काही नाही. हप्ता अजूनही उशिरा भरतो आणि भरताना सबंध शाखेला ऐकू जाईल असं ओरडतो. पण दर महिन्याला येतो. मी त्याला नावानं हाक मारतो, आणि तीही आडनावामागे 'साहेब' लावून. फार काही नाही, पण विघ्नासुरानं तरी याहून जास्त काय मागितलं होतं?

चिरंजीवांनी परवा पुन्हा तोच सिनेमा लावला होता. शेवटाला मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. तराफा दूर दूर गेला. मी विचारलं, "काय रे, हा आता राहणार कुठे?"

तो म्हणाला, "बाबा, सिनेमा संपला!"