पाऊल आणि परवाना
सिल्वासातल्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराने विचारलं, "पास आहे का?" सोबतचे निवृत्त गुरुजी उसळून म्हणाले, "हा इंग्रजी शब्द आला आणि माणूस स्वतःहून कुठे जाईनासा झाला. कुणी सोडलं तरच जातो." ते वाक्य डोक्यातून जाईना.

शब्दाचं कूळ गुरुजींच्या बाजूने बोलतं. लॅटिनमध्ये 'पासुस' म्हणजे पाऊल. त्यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजी 'पास' आला. पोर्तुगीज 'पासार' त्याचाच भाऊबंद. मूळ क्रियापद चालणाऱ्याचं. पुढे इंग्रजीतच त्याला सोडणाऱ्याचा अर्थही चिकटला, आणि मराठीने बहुतेक तोच उचलला. बिल पास होतं, कर्ज पास होतं, मुलगी दहावी पास होते. दर वेळी पलीकडे कुणीतरी शिक्का घेऊन बसलेलं असतं. एक 'टाइमपास' तेवढा मोकळा राहिला. इंग्रजीतला 'पास्टाइम' आपण उलटा फिरवला आणि त्यात निवांतपणाही आपलाच घातला. वेळ घालवायला कुणाची सही लागत नाही.

गुरुजी 'उत्तीर्ण' सुचवतात. तरून पलीकडे गेलेला, असा देखणा अर्थ आहे त्याचा. पण लाचारी इंग्रजीने आणली हे मला पटत नाही. 'परवाना' फारसीतून आला, इंग्रजी अमलाच्या कितीतरी आधी. अडवणारा प्रत्येक राजवटीत होता.

सिल्वासाच्या बाबतीत तर जाणं हक्काचं की परवानगीचं, या प्रश्नाचा निवाडा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात झाला. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालं. त्याआधी पोर्तुगिजांच्याच ताब्यातल्या दमणहून इथे यायला मधला भारतीय मुलूख ओलांडावा लागे. ती वाट भारताने अडवली, अशी पोर्तुगालची तक्रार होती. १७७९च्या तहाने मराठ्यांनी आपल्याला सार्वभौमत्व दिलं, हा त्यांचा दावा न्यायालयाने मानला नाही. मिळाला होता तो फक्त महसुलाचा सरंजाम. १२ एप्रिल १९६०च्या निकालाने मग एक रेघ ओढली. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, कारण सव्वाशेहून अधिक वर्षं ते अखंड ये-जा करत आले होते. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना मात्र तो नव्हता. ते नेहमी परवानगीनेच गेले होते. हक्कावरही नियंत्रण ठेवण्याची मुभा भारताला होती, म्हणून १९५४च्या तणावात वाट बंद करणं बेकायदा ठरलं नाही.

इथे पोचल्यावर पाऊल आणि परवाना वैरी वाटेनासे होतात. बिनहत्यारी माणसं चालत राहिली आणि त्यांना जाऊ दिलं गेलं, यातूनच हक्क घडला. परवाना हा पावलाचा शत्रू नाही. पाऊल पडलं नाही तर मात्र तो निर्जीव आहे. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं १९२४ साली ठरावाने अस्पृश्यांसह सर्वांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांसोबत हजारो लोक तळ्यापर्यंत चालत गेले, तोवर तो ठराव कागदावरच होता. पुढे त्याच वर्षी नगरपालिकेने तो मागे घेतला आणि तळ्यावरच्या हक्काबाबत उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. ठराव मागे घेता आला. पडलेली पावलं कुणालाच मागे घेता आली नाहीत.