बसून हिशेब करणारा मनुष्य

(वाचावें : लूक 14:28-30, 2 राजे 4:1-7)



पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा हमरस्ता सारोळ्याच्या पुलावरून नीरा ओलांडतो, आणि पलीकडे खंडाळा तालुक्यांतील शिरवळ लागतें. या गांवाजवळ एक जुनी दगडी पाणपोई आहे. ती बांधून शेंकडों वर्षें लोटलीं तरी ती उभी आहे. ज्यानें ती आरंभिली त्यानें ती तडीसही नेली. तिच्याकडे पाहिलें कीं मला प्रभु येशूनें सांगितलेला दुसरा एक बांधकाम करणारा आठवतो. त्यानें बुरुजाचा पाया घातला, पण पुढें त्याचा हात आंखडला, आणि येणारे-जाणारे त्याला हंसूं लागले. प्रभूचा रोख शिष्यपणाची किंमत ओळखण्यावर होता, हें खरें. परंतु दृष्टांत त्यानें घेतला तो व्यवहारांतून, आणि शहाणा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो हें त्यानें गृहीतच धरलें. यांतील ‘बसून’ या शब्दाकडे आपलें लक्ष असावें. उभ्याउभ्या, दलालाच्या चहाच्या टपरीवर, केलेला हिशेब प्रभूच्या मनांत नव्हता.

ख्रिस्ती मनुष्यानें पैशाचा विचार करणें हें देहस्वभावाचें लक्षण आहे, असें मानणारे कांहीं भाविक आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांचा हेतु चांगला असतो. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, पैशाचा विचार सावकार करतो, दलाल करतो, दुकानदार करतो. एक देवभीरु मनुष्य तेवढा करीत नाहीं. मग त्याच्यासाठीं तो विचार दुसरे करून ठेवतात.

शिरवळ-खंडाळ्याच्या बाजूस आज हा प्रश्न घरोघर आला आहे. जेथें ज्वारी-बाजरीचीं शेतें होतीं तेथें कारखाने व गोदामें उभीं राहिलीं, आणि ज्या कुटुंबानें कधीं एका वेळीं लाख रुपये पाहिले नव्हते त्याच्या हातांत जमिनीचे पुष्कळ लाख एकदम आले. समजा, एका बंधूस दोन एकर कोरडवाहू जमिनीचे 40 लाख रुपये मिळाले. त्यानें 18 लाखांचें घर बांधलें, 9 लाखांची जीप घेतली, 6 लाखांत मुलीचें लग्न केलें, आणि उरलेले 7 लाख भाऊबंदांस हातउसने दिले. पांच वर्षांनीं पाहावें तों घराचा रंग उडाला आहे, जीप विकली गेली आहे, हातउसने मागितले तर भाऊबंद बोलत नाहींत, आणि आपला बंधु आपल्याच जुन्या शेतावर उभ्या असलेल्या कारखान्याच्या फाटकाशीं पहारेकरी म्हणून रात्रपाळी करीत आहे. पहारेकऱ्याचें काम हलकें आहे असें मी म्हणत नाहीं. पण त्या फाटकांतून आंत पाहतांना त्याच्या मनांत काय येत असेल, याचा विचार वाचकांनीं करावा.

त्याचें चुकलें कोठें? त्यानें दारू प्याली नाहीं, जुगार खेळला नाहीं. त्यानें प्रत्येक वस्तूची किंमत विचारली, पण ती वस्तु घेतल्यानें काय सोडावें लागतें हें विचारलें नाहीं. दरसाल शेंकडा 6 रुपये व्याज धरलें तर 40 लाखांचें वर्षाचें व्याज 2,40,000 रुपये, म्हणजे महिना 20,000 रुपये होतें. (महागाई दरवर्षीं पैशाचें वजन कमी करते, म्हणून हें सर्व व्याज खाऊं नये, कांहीं भाग मुदलांत टाकीत जावा.) आतां जीपेकडे पाहूं. तिची किंमत 9 लाख, असें दुकानदार सांगतो. परंतु त्या 9 लाखांचें महिन्याचें 4,500 रुपये व्याज आपण सोडलें, तें तो सांगत नाहीं. आणि डिझेल, विमा, टायर व दरवर्षीं उतरणारी किंमत हीं त्यावर आणखी आहेत. जी जीप भाड्यानें धांवून हें सर्व भरून काढील ती खुशाल घ्यावी. जी दारांत उभी राहून केवळ शेजाऱ्यास दिसावयाची, तिची किंमत 9 लाखांहून फार अधिक आहे. खरी किंमत म्हणजे खिशांतून गेलेले रुपये एवढेंच नव्हे. त्या रुपयांनीं जें दुसरें चांगलें होऊं शकलें असतें व झालें नाहीं, तें सर्व तींत धरावें.

शास्त्रांत जमीन व वतन यांविषयीं दोन मनुष्यें एकमेकांसमोर उभीं आहेत. एसावानें भुकेच्या एका घटकेसाठीं ज्येष्ठपणाचा हक्क मसुरीच्या वरणावर देऊन टाकला. नाबोथास मात्र राजानें द्राक्षमळ्याच्या बदल्यांत अधिक चांगला मळा किंवा रोख मोल देऊं केलें, तरी त्यानें वाडवडिलांचें वतन दिलें नाहीं. नाबोथास हिशेब येत नव्हता असें कोणीं म्हणूं नये. राजाच्या तराजूंत ज्या गोष्टीला वजनच नव्हतें ती त्यानें मोजली. माझें मत असें आहे कीं, जमीन विकणें हें पाप नाहीं, आणि न विकणें हें नेहमींच शहाणपणही नाहीं. खडकाळ माळ विकून मुलीला परिचारिकेचें शिक्षण देणारा बाप मला एसाव वाटत नाहीं. परंतु विकतांना घरांतील आई, बहीण व पत्नी यांना विचारून, कागद वाचून, साक्षीदारांसमक्ष विकावें. यिर्मयानें अनाथोथ येथील शेत घेतलें तेव्हां सतरा शेकेल रुपें तोलून दिलें, खतावर सह्या व साक्षी करविल्या, आणि खत मातीच्या भांड्यांत जपून ठेवविलें. संदेष्ट्याला कागदपत्राचा कंटाळा नव्हता. आपल्यांतील कित्येकांस आपला सात-बारा कोठें ठेवला आहे हेंही सांगतां येत नाहीं!

आतां कर्जाविषयीं. आपल्या मुलखाला याचा कडू अनुभव जुना आहे. अमेरिकेंत 1861 पासून 1865 पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां तेथील कापूस विलायतेस जाईना, म्हणून आपल्याकडील कापसाचा भाव चढला. भाव चढला तसा सावकार हात सैल सोडून कर्ज देऊं लागला, आणि हे दिवस असेच राहतील असें समजून शेतकऱ्यानें तें घेतलें. युद्ध संपलें, भाव पडला. कर्ज मात्र पडलें नाहीं, आणि सरकारी साराही वाढला. शेवटीं 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोकांनीं सावकारांवर चाल केली, आणि त्या दंग्यांत ठिकठिकाणीं कर्जरोखे जाळण्यांत आले. सरकारनें 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याच्या चार जिल्ह्यांत आपला साताराही होता. रोखे जाळणाऱ्यांचा राग खोटा नव्हता. तथापि त्या कथेंत माझें मन दंग्यापेक्षां त्याच्या आधींच्या दहा वर्षांवर अधिक रेंगाळतें. चांगल्या वर्षाचा भाव धरून वाईट वर्षाचें कर्ज काढणें, हा तो दोष होय. आणि आजही ज्याचा कांदा एकदां सोन्याच्या भावानें गेला तो दुसऱ्या वर्षीं त्याच भावाच्या भरंवशावर उसनवार करतो. मिसर देशांत योसेफानें याच्या उलट केलें. सात सुकाळांत त्यानें पांचवा हिस्सा बाजूस काढला. दुष्काळाची चाहूल लागल्यावर काढावयाचा म्हटला असता तर त्याला तो कोठून सांपडता?

आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांत दिसते. बँकेंत 50,000 रुपये ठेव आहे, तीवर वर्षाचे 1,500 रुपये व्याज येतें; आणि त्याच घरावर खासगी सावकाराचें 50,000 रुपये कर्ज आहे, दरमहा शेंकडा 3 प्रमाणें. त्याचें वर्षाचें व्याज 18,000 रुपये होतें. म्हणजे हा मनुष्य ठेव ठेवल्याच्या समाधानासाठीं दरवर्षीं 16,500 रुपये मोजतो. आजारपणासाठीं थोडकी रक्कम राखावी, आणि बाकीची घेऊन आधीं कर्ज फेडावें. अलीशा संदेष्ट्याकडे रडत आलेल्या विधवेची गोष्ट तुम्हांस माहीत आहे. तिचा धनको तिचीं मुलें दास करून नेणार होता. देवानें तिचीं भांडीं तेलानें भरलीं. पण त्यानंतर काय करावें याचा क्रम संदेष्ट्यानें तिला घालून दिला. आधीं तेल विकावें, मग ऋण फेडावें, आणि जें उरेल त्यावर तिनें व तिच्या मुलांनीं निर्वाह करावा. आपण हा क्रम बहुधा उलटा चालवितों. चमत्कार झाला तरी क्रम उलटा असेल तर मुलें जावयाचीं तीं जातातच.

गेलेल्या पैशाचा मोह हाही मोठा मोह आहे. विंधनविहीर 400 फूट गेली, पाणी नाहीं. खोदणारा म्हणतो, आणखी 100 फूट जाऊं. धनी म्हणतो, इतके पैसे घातले ते वायां कसे घालवूं? बंधो, ते गेले. आतां पाणी लागलें तरी ते परत यावयाचे नाहींत, आणि न लागलें तरी नाहींत. प्रश्न एवढाच कीं, पुढच्या 100 फुटांस काय पडेल, आणि तेथें पाणी असण्याचा संभव किती. भूजलाची माहिती असणारा मनुष्य आशा आहे म्हणत असेल तर खोदावें. नसेल तर यंत्र आजच परत पाठवावें. लोटाच्या बायकोनें मागें वळून पाहिलें तिचें काय झालें, हें तुम्ही वाचलें आहे.

हें ऐकून कोणी म्हणेल, मग कांहींच करूं नये, पैसा पुरून ठेवावा. तसें नव्हे; पुरून ठेवणाऱ्या दासास धन्यानें शाबासकी दिली नाहीं, निदान सावकारी पेढीवर तरी ठेवावयाचा होता असें विचारलें. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर प्रथम विकत घेण्यास शेतकरी धजेनात, कारण लोखंडानें जमीन नासते अशी समजूत होती. 1910 सालीं कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढें तेच नांगर सर्व महाराष्ट्रभर गेले. ज्यांनीं भीतीनें नाहीं म्हटलें त्यांनींही एक हिशेब चुकविला. न केलेल्या गोष्टीचा तोटा वहींत दिसत नाहीं इतकेंच.

उपदेशक बंधूंस माझी एक विनंति आहे. संध्याकाळच्या उपासनेनंतर कोणी घरचा व्यवहार विचारावयास आला तर त्याला केवळ प्रार्थनेवर परत पाठवूं नका. प्रार्थना करा, आणि पाटीही घ्या. एका मंडळींत मीं असें पाहिलें. एका विधवा बाईचा मुलगा कर्जानें ट्रॅक्टर घेणार होता. उपदेशकांनीं त्याला नको असें म्हटलें नाहीं. त्यांनीं पाटीवर त्याच्याच हातानें लिहविलें : स्वतःच्या तीन एकरांस वर्षाकांठीं 25 तास काम, भाड्याचा दर तासास 1,000 रुपये, म्हणजे 25,000. शेजारीं लिहविलें : वर्षाचा हप्ता 1,20,000, त्यावर डिझेल व दुरुस्ती. मग विचारलें, “मधला फरक दुसऱ्यांच्या शेतांतून यावयाचा ना? गांवांत आज ट्रॅक्टर किती आहेत?” मुलगा म्हणाला, “अकरा.” “त्यांना काम पुरतें काय, हें पेरणीच्या दिवसांत आठवडाभर हिंडून पाहा, आणि मला येऊन सांग.” त्याची आई म्हणाली, “साहेब, हें मला कोणी आधीं सांगितलें असतें तर याच्या बापाचें शेत गहाण पडलें नसतें.”

मुलगा पुढल्या रविवारीं आला. पेरणीची ऐन वेळ असून तीन ट्रॅक्टर चिंचेखालीं उभे होते. त्यानें दुकानदारास नकार कळविला, आणि जमविलेल्या पैशांतून आधीं गहाण पडलेल्या शेताचा एक हप्ता भरला.